विषयशिक्षकांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम : १२० तासांत नेमकं काय बसवायचं?

टिपणवही

पाचवी ते आठवीला गणित शिकवणाऱ्यांसाठी एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा आराखडा करायचा आहे. तुकडी २४ जणांची, सगळे नोकरीत असलेले. एकूण १२० तास, साधारण पाच महिन्यांत. आशय मुद्दाम छोटा ठेवलाय: अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि गुणोत्तर, बस्स.

कच्ची विभागणी अशी:
बालमानसशास्त्र आणि अध्ययन उपपत्ती २४ तास, अध्यापन पद्धती ३०, आशय ३०, साधननिर्मिती १६, सराव पाठ १२, परीक्षा आणि समारोप ८.

विभागणी बरोबर वाटते का? परीक्षा कशी घ्यावी? विज्ञान आणि भाषावाल्यांनीही लिहा, पुढे त्याच धर्तीवर त्यांचेही अभ्यासक्रम करायचे आहेत.

छेदबिंदू

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमच्या आराखड्यातला 'गणित' शब्द खोडून तिथे 'इतिहास' घाला. एकही ओळ बदलावी लागत नाही. दोष नेमका हाच आहे. विषयवार प्रमाणपत्र म्हणायचं आणि आतमध्ये पदविकेचं पातळ केलेलं पाणी द्यायचं, असं होऊन बसतं.

आशय एका डब्यात आणि पद्धती दुसऱ्या डब्यात ठेवली की दोन्ही वाया जातात. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं: विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि या दोहोंच्या मध्ये तिसरं एक ज्ञान असतं. या घटकात मुलं कुठे अडतात, कुठलं उदाहरण चालतं आणि कुठलं दगा देतं, एकच गोष्ट किती तऱ्हांनी मांडता येते, हे ते ज्ञान. आपल्याकडे 'आशययुक्त अध्यापन' हा शब्द आहे, पण वेळापत्रकात तो बहुतेक वेळा एका तासिकेचं नाव होऊन राहतो.

मी अशी विभागणी करेन:
आशय आणि त्यातल्या चुका एकत्र ३६, आपसांत पाठ बसवणं २४, प्रत्यक्ष वर्गात ४०, निदानात्मक चाचण्या तयार करून तपासणं १२, मूल्यमापन ८.

मानसशास्त्राचे २४ तास वेगळे नकोतच. 'पूर्वज्ञान नव्या शिकण्याच्या आड येतं' हे वाक्य व्याख्यानात ऐकून काही होत नाही. १/२ + १/३ = २/५ लिहिलेल्या दहा वह्या समोर ठेवा, तेच वाक्य शिक्षक स्वतः म्हणतात.

सदाशंका

वर्गातल्या ४० तासांत नेमकं काय? '४० तास शाळेत' असं लिहिलं की लोक रोजचेच तास भरून सही घेतात.

छेदबिंदू

म्हणून तास मोजू नका, फेऱ्या मोजा. १० फेऱ्या, प्रत्येकी ४ तासांची. पाठाची आखणी दीड तास, पाठ पाऊण तास, पाठानंतरची चर्चा पाऊण तास, त्याच दिवशीच्या वह्या तपासून चुकांची प्रतवारी १ तास. चारातला एक जरी टप्पा गळला तरी फेरी धरायची नाही. सगळ्यात आधी गळतो तो शेवटचा, म्हणून त्याचा पुरावा मागा: वर्गातल्या सगळ्या उत्तरांचे तीन-चार ढीग, प्रत्येक ढिगाला एक नाव आणि त्यातल्या एका वहीचा फोटो, मुलाचं नाव झाकून.

ढिगाचं नाव 'चूक' असं चालणार नाही. 'अंशात अंश, छेदात छेद मिळवला' असं हवं.

ओळंबा

विभागणीशी सहमत. पण शिक्षकांचा आशय पक्का आहे हे गृहीत धरू नका, आणि कच्चा आहे म्हणून पुन्हा आठवीचं गणितही शिकवत बसू नका.

लिपिंग मा यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. प्राथमिक शिक्षकांना त्यांनी विचारलं होतं: १ ३/४ ÷ १/२ सोडवा आणि या गणिताला लागू पडेल अशी एक गोष्ट सांगा. ७२ चिनी शिक्षकांनी आकडेमोड बिनचूक केली. अमेरिकी शिक्षक होते २३, त्यांच्यात निम्म्याहून कमी जणांना ती जमली. गोष्ट सांगताना तर बरेच जण 'अर्ध्याने भागणे' याऐवजी 'दोघांत वाटणे' याचीच गोष्ट सांगून मोकळे झाले.

पहिल्या दिवशी हाच प्रश्न द्या, पण मराठीत. 'पावणेदोन भागिले अर्धा.' आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द तयार असताना वर्गात मात्र 'एक पूर्णांक तीन छेद चार' असं म्हणत बसतो. 'पावणेदोनात अर्धे किती?' असं विचारलं की विचार सुरू होतो. 'व्यस्त करून गुणा' म्हटलं की थांबतो.

आता यातली खरी गंमत. गोष्ट अशी घ्या: पावणेदोन मीटर कापड आहे, एका पिशवीला अर्धा मीटर लागतं, किती पिशव्या? तीन पिशव्यांना दीड मीटर गेलं, पाव मीटर उरलं. मोठ्या माणसांतही इथे सर्रास उत्तर येतं 'सव्वातीन'. सूत्राने उत्तर येतं साडेतीन. मग खळबळ उडते, आणि ती उडू द्यायची. उरलेलं पाव हे *मीटरचं* पाव आहे. पिशवीच्या मापाने मोजलं तर ते अर्ध्या पिशवीचं कापड. बाकी मोजायचं एकक बदललं, हे ज्याच्या लक्षात आलं त्याला अपूर्णांकाचा भागाकार समजला.

या एका गणितावर अख्खी ९० मिनिटं द्या. ३६ तासांत अशी २० ते २४ गणितंच बसतील, आणि तेवढी पुरे.

तिसरा बाक

चित्राबद्दल एक जोडतो. कापडाची पट्टी काढायला सांगा, वर्तुळ नको. वर्तुळाचे तुकडे 'पूर्णाचा भाग' दाखवायला बरे, पण पावणेदोनात अर्धे मोजायला बसलं की दोन वर्तुळांत तुकडे विखुरतात आणि उरलेला पाव एकटाच पडतो, त्याची अर्ध्याशी तुलना डोळ्यांना दिसत नाही. पट्टीवर मात्र शेवटच्या अर्ध्याची निम्मीच जागा भरलेली स्पष्ट दिसते. शिवाय संख्यारेषेकडे जाताना पट्टी तशीच उचलता येते.

साधननिर्मितीचे १६ तास कापले ते उत्तम झालं. थर्माकोल आणि चमकी कागद यांत आख्खे दिवस जातात. आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या पुरतात.

टिपणवही

सगळ्यांचे आभार. १/२ + १/३ आणि भागाकार समजले. दशांशाची निदानात्मक चाचणी कशी करावी?

ओळंबा

चारच जोड्या, 'मोठी संख्या कोणती, की दोन्ही सारख्या?' एवढाच प्रश्न:

अ) ३.७ आणि ३.२५
आ) ५.६२ आणि ५.४
इ) २.४ आणि २.४०
ई) १.०८ आणि १.३

दशांशात मुलांच्या दोन ठरलेल्या चुकीच्या समजुती असतात. एक, 'लांब ती मोठी': २५ हे ७ पेक्षा मोठे, म्हणून ३.२५ मोठी. दोन, 'आखूड ती मोठी': शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात हे ऐकलेलं असतं, त्यावरून शतांशापर्यंत गेलेली प्रत्येक संख्याच लहान असा निष्कर्ष.

पहिल्या समजुतीचं मूल 'आ' बरोबर सोडवतं. दुसऱ्या समजुतीचं मूल 'अ' आणि 'ई' बरोबर सोडवतं. म्हणजे 'अ' प्रकारच्याच जोड्या घातल्या तर दुसरा गट पैकीच्या पैकी गुण मिळवून निसटतो. पाठ्यपुस्तकातल्या बऱ्याच स्वाध्यायांत हेच होतं.

गुणांची बेरीज करायची नाही, हे शिक्षकांना पटवायला सगळ्यात जड जातं. 'चारपैकी दोन' यातून काही कळत नाही. *कोणते* दोन, यातून सगळं कळतं. एका मुलाची उत्तरपत्रिका वीस सेकंदांत वाचून त्याची समजूत ओळखायची, असा सराव द्या. ३० उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि १० मिनिटं.

सदाशंका

पण दशांश पैशातून शिकवले की मुलांना पटकन जमतात. त्यात वावगं काय?

ओळंबा

जमल्यासारखं वाटतं, हेच वावगं. ज्या चलनात शंभर सुटे म्हणजे एक, तिथे किंमत नेहमी दोनच स्थळांपर्यंत लिहिली जाते. मुलाच्या डोक्यात बिंदू म्हणजे दोन वेगळ्या पूर्ण संख्यांमधली भिंत. त्यामुळे ३.२५ आणि ३.७० ची तुलना अचूक, पण ३.७ आला की 'तीन आणि सात सुटे'. आणि ०.१२५ ला तर पैशात जागाच नाही. पैसे वापरा, पण मोजपट्टीनंतर. मीटर, दशांश मीटर, शतांश मीटर, हजारांश मीटर अशी उतरंड पट्टीवर डोळ्यांना दिसते.

काचनळी

विज्ञानाच्या बाजूने. तिथे अडचण वेगळी: प्रयोग स्वतःच चुकीची समजूत पक्की करून जातो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

सर्वांत नमुनेदार उदाहरण, दोन बल्ब एकसर जोडणीत. मुलांची (आणि बऱ्याच शिक्षकांची) समजूत असते की विद्युतधारा पहिल्या बल्बमध्ये थोडी खर्च होते, म्हणून दुसरा मंद पेटतो. शिक्षक प्रयोग करून दाखवतात की दोन्ही सारखेच पेटतात. पण पेटीतले बल्ब वेगवेगळ्या दर्जाचे असतात आणि एक खरोखरच मंद पेटतो. झालं. मुलं म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो तेच.

उपाय साधा आहे: दोन बल्बांची अदलाबदल करा. मंद असलेला *बल्ब* मंदच राहिला तर दोष बल्बचा. मंद असलेली *जागा* मंद राहिली तर मुलांचं खरं. ही अदलाबदल सुचणं म्हणजे विषयशिक्षक असणं, असं मला वाटतं. अभ्यासक्रमात मी मुद्दाम न जुळणारे बल्ब देऊन ठेवेन आणि कोण काय करतं ते बघेन.

दोघांमागे साहित्य: १.५ व्होल्टचे २ सेल, २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचे ३ बल्ब (दोन जुळणारे, एक वेगळ्या दर्जाचा), ३ होल्डर, २० सेंमीच्या ६ तारा, एक मल्टिमीटर.

काय बिघडतं तेही लिहून ठेवा:
एनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार टोकांना न खरवडता जोडतात. तार उघडी दिसते, पण लेप विद्युतरोधक असतो. १५ मिनिटं वाया.
बल्बऐवजी एलईडी देतात. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, एका सेलवर पेटत नाही. उलटा जोडला तर कशावरच पेटत नाही. आणि दोन सेलवर रोधाशिवाय जोडला तर उडण्याची भीती.
मल्टिमीटर धारा मोजण्याच्या खोबणीत ठेवून थेट सेलच्या दोन टोकांना लावतात, म्हणजे शॉर्टसर्किट. आणि २०० मिलिअँपिअरच्या पल्ल्यावर ०.३ अँपिअरचा बल्ब जोडला की फ्यूज जातो. १० अँपिअरची खोबणी वापरा. बल्बच्या आधी ०.२२ आलं तर नंतरही ०.२२ येतं. शेवटचा आकडा एकाने मागेपुढे झाला तर त्यावरही बोलायला हवं, नाहीतर 'एवढी खर्च झाली' असं ऐकायला मिळतं.

तिसरा बाक

जीवशास्त्रात असाच एक प्रश्न: झाडाचं वजन येतं कुठून? फान हेल्मोंटचा १६४८ साली छापला गेलेला प्रयोग द्या. २०० पौंड कोरडी माती, ५ पौंडांचं विलोचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड झालं १६९ पौंडांचं आणि मातीत घट सुमारे २ औंस. मातीतून वजन आलं नाही हे सिद्ध झालं, पण त्याने निष्कर्ष काढला की सगळं पाण्यापासून आलं. प्रशिक्षणार्थींना विचारा, या प्रयोगात त्याने काय मोजलंच नाही? 'हवा' हे उत्तर फार उशिरा येतं. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असलेल्यांकडूनही.

टिपणवही

आपसांतले सराव पाठ २४ तास म्हणालात. सूक्ष्माध्यापनच ना? त्याचा पूर्वी फार विचका झालेला आहे.

छेदबिंदू

होय, तेच. सूक्ष्माध्यापन १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी बसवलं. छोटा पाठ, मोजकी मुलं, प्रत्याभरण, आणि मग *तोच पाठ पुन्हा*. आपण ते उचललं तेव्हा दोन गोष्टी गळल्या. 'मुलं' म्हणून समोर सहकारीच बसले, जे भराभर बरोबर उत्तरं देतात. आणि पुन्हा पाठ घेण्याला वेळ उरला नाही. मग 'फलकलेखन कौशल्य', 'उद्दीपन बदल कौशल्य' अशी पत्रकं भरणं तेवढं उरलं.

पहिल्यावर उपाय: चूक-कार्डं. विद्यार्थी झालेल्या प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, त्यावर एक समजूत आणि ती कधी सोडायची याची अट. उदाहरणार्थ:

'तुम्हाला १/८ हा १/५ पेक्षा मोठा वाटतो, कारण ८ हा ५ पेक्षा मोठा. शिक्षकांनी नियम सांगितला तर मान डोलवा, पण पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच उत्तर द्या. एकाच लांबीच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही दाखवायला लावलं तरच मत बदला.'

मान डोलवण्याची सूचना महत्त्वाची. खरी मुलं तेच करतात.

दुसऱ्यावर उपाय: वेळापत्रकातच कोरून ठेवा. ६ मिनिटं पाठ, ८ मिनिटं चर्चा, १० मिनिटं दुरुस्ती, ६ मिनिटं पुन्हा पाठ, वेगळ्या 'मुलां'समोर. एकूण ३० मिनिटं. सहा-सहा जणांचे चार गट एकाच वेळी चालवले तर तीन तासांत सगळ्या २४ जणांचा एक-एक पाठ होतो. अशा आठ बैठका म्हणजे २४ तास.

जोडाक्षर

यात एक गोष्ट मोजायला लावा: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंदांवर गेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि स्वतःहून बोलणारी मुलं वाढतात. सहकाऱ्याच्या हातात घड्याळ द्या. तीन सेकंद किती लांब असतात हे फळ्यासमोर उभं राहिल्यावरच कळतं.

भाषेच्या अभ्यासक्रमाबद्दल सवडीने लिहिते.

सदाशंका

पाठनिरीक्षण कोण करणार? मुख्याध्यापकांकडे दिलं की 'पाठ चांगला झाला, फलकलेखन सुवाच्य' असा शेरा येतो.

ओळंबा

त्याला पत्रक जबाबदार आहे, माणूस नव्हे. होय/नाहीचे २५ रकाने दिले की शेरे असेच येणार. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: वेळ, शिक्षक काय म्हणाले, मुलांनी काय म्हटलं किंवा केलं. पाठ चालू असताना मत लिहायचं नाही. 'मुलं रमली होती' ही नोंद नाही. '११:२०, मागच्या दोन बाकांवरच्या चौघांपैकी तिघांनी पट्टीचे असमान भाग पाडले' ही नोंद. चर्चेची सुरुवात शिक्षकाच्या प्रश्नाने करायची, निरीक्षकाच्या मताने नाही.

जपानमध्ये जुग्यो केंक्यू म्हणून पाठ-अभ्यासाची जी रीत आहे, तिच्यात पाठ गटाने मिळून आखतात. त्यामुळे चर्चेत पाठावर टीका होते, पाठ घेणाऱ्यावर नाही. आणि पाठाआधी आशय-साहित्याचा कसून अभ्यास होतो. आपल्या पाठटाचणात त्यासाठी एक रकाना वाढवा: 'मुलं काय उत्तर देतील'. प्रत्येक मुख्य प्रश्नापुढे किमान तीन अपेक्षित उत्तरं, त्यातली दोन चुकीची. हा रकाना रिकामा असलेलं टाचण परत पाठवायचं.

काचनळी

चित्रीकरण करणार असाल तर: फोन वर्गाच्या मागे ठेवू नका. मागून शिक्षकाचं भाषण आणि मुलांच्या पाठी एवढंच येतं. पुढच्या कोपऱ्यात, मुलांच्या वह्या दिसतील असा तिरका. आवाजासाठी दुसरा फोन एका गटाच्या बाकावर. पंखा चालू असेल तर त्याच्या खाली नको. अख्ख्या पाठाचं चित्रीकरण कुणीही बघत नाही, शिक्षकानेच ५ ते ७ मिनिटांचा तुकडा निवडून आणायचा. पालकांची लेखी संमती आधी घ्यायची आणि अभ्यासक्रम संपल्यावर चित्रफिती पुसायच्या, हे संमतीपत्रातच लिहायचं.

तिसरा बाक

आता मार्गदर्शकांचा हिशेब, कारण बहुतेक आराखडे इथे कोसळतात. २४ प्रशिक्षणार्थी, प्रत्येकाचे किमान ३ पाठ प्रत्यक्ष बघायचे, म्हणजे ७२ भेटी. एका भेटीला पाठ आणि चर्चा मिळून दीड तास, म्हणजे १०८ तास. प्रवास वेगळा. एकच मार्गदर्शक असेल तर २० आठवड्यांत आठवड्याला जवळपास चार भेटी. होणार नाही. तीन मार्गदर्शक असतील तर प्रत्येकी २४, म्हणजे आठवड्याला एकाहून थोड्या जास्त. जमेल. दहातले उरलेले सात पाठ जोडीतला सहकारी बघेल किंवा चित्रफितीवर.

आणि आणखी एक गोष्ट, जी कागदावर कधीच दिसत नाही. अभ्यासक्रमात अपूर्णांक ज्या महिन्यात, त्याच महिन्यात शाळेत अपूर्णांक चालू हवेत. इकडे भागाकाराची गोष्ट रचतोय आणि शाळेत कोनांचे प्रकार चालू, असं झालं की वर्गातल्या फेऱ्या खोट्या होतात. तुकडी पक्की करण्याआधी २४ जणांची वार्षिक नियोजनं मागवा. घटकांचा क्रम त्यांच्यावरून ठरवा, तज्ज्ञांच्या सवडीवरून नको.

जोडाक्षर

भाषेबद्दल. इथे घटक 'कविता', 'व्याकरण' असे नसावेत, ते पाठ्यपुस्तकाचे भाग आहेत. घटक असे घ्या: अडखळत वाचणाऱ्या मुलाचं निदान, वाचलेल्याचा अर्थ लावणं, लेखनावर प्रत्याभरण.

वाचनासाठी १०० शब्दांचा न वाचलेला उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि चुका खुणेने टिपा. ९५ किंवा जास्त शब्द बरोबर असतील तर उतारा मुलाला एकट्याला वाचता येईल. ९० ते ९४ तर शिक्षकांच्या मदतीने वाचायला योग्य. त्याखाली असेल तर तो त्या मुलासाठी जड आहे, तो देऊन उपयोग नाही. पण आकड्यावर थांबू नका. चुकीचा प्रकार बघा. 'घर' ऐवजी 'वाडा' वाचणारं मूल अर्थ धरून चाललंय. 'घर' ऐवजी 'घार' वाचून तसंच पुढे जाणारं मूल अक्षरं उच्चारतंय, पण ऐकत नाहीये. दोघांची एक-एकच चूक, उपाय दोन टोकांचे. आणि शेवटी पुस्तक मिटून 'काय वाचलंस, सांग'. बिनचूक वाचून एक वाक्यही न सांगता येणारी मुलं या पायरीवरच सापडतात.

लेखनाला लाल शाईने प्रत्येक चूक दाखवू नये. पहिल्या खर्ड्यावर फक्त मजकुराबद्दल दोन प्रश्न लिहायचे. दुसऱ्या खर्ड्यावर चुकांचे दोनच प्रकार निवडायचे. आणि मुलाने तिसरा खर्डा लिहिलाच पाहिजे, नाहीतर शेरे वाचलेही जात नाहीत. प्रशिक्षणार्थींना एकच निबंध २४ प्रतींत द्या आणि शेरे लिहायला लावा. मग सगळे शेरे भिंतीवर. 'अक्षर सुधारा' किती जणांनी लिहिलं ते मोजलं की पुढचं बोलावं लागत नाही.

सदाशंका

परीक्षेचं राहिलंच. अभिप्राय-पत्रकात सगळे 'अतिशय उपयुक्त' लिहितात आणि पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत गुण वाढलेले दिसतात. मग चुकतं कुठे?

छेदबिंदू

तोच पेपर दोनदा दिला तर गुण वाढणारच. आणि अभिप्राय समारोपाच्या चहाबरोबर घेतात, तेव्हा कडू कोण लिहिणार?

मी लेखी परीक्षा एकच ठेवेन आणि तिच्यात आशयाचा प्रश्न सरळ विचारणार नाही. मुलाचं उत्तर द्यायचं आणि विचारायचं: हे कसं आलं असेल? याच समजुतीचं मूल पुढच्या गणितात काय लिहील? तुम्ही त्याला पुढचा कोणता प्रश्न द्याल? श्रेणी चार:

१. चूक म्हणून सांगितलं, किंवा योग्य रीत पुन्हा सांगितली.
२. 'कसं केलंस?' विचारलं, पण उत्तराचा पुढे उपयोग केला नाही.
३. समजूत ओळखली, पण दिलेला प्रश्न तिला धक्का देत नाही.
४. ओळखली आणि ती समजूत धरून उत्तर दिलं तर विसंगती उघडी पडेल असा प्रश्न दिला.

१/२ + १/३ = २/५ वाल्याला 'लसावि काढ' म्हणणं ही पहिली श्रेणी. '२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?' ही चौथी. अर्ध्यात काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं, हे मूल स्वतःच म्हणतं.

परीक्षकांनी आधी तीच सहा उत्तरं स्वतंत्रपणे तपासून श्रेण्या पडताळायच्या. एका श्रेणीपेक्षा जास्त फरक आला तर बोलून घ्यायचं, मगच गठ्ठे वाटायचे. आणि खरी उत्तरचाचणी शिक्षकांची नाही, त्यांच्या मुलांची. घटक संपल्यावर आठ ते दहा आठवड्यांनी, ओळंबा यांच्या चार जोड्यांसारखी, आकडे बदलून.

ओळंबा

प्रमाणपत्रावर काय छापायचं हेही आत्ताच ठरवा. 'यशस्वीरीत्या पूर्ण केला' याला अर्थ नाही. घटक, इयत्ता, एकूण तास, प्रत्यक्ष पाहिलेले पाठ किती, परीक्षेची श्रेणी, एवढं हवं. हजर राहिले पण फेऱ्या पूर्ण नाहीत, त्यांना उपस्थितीपत्र द्या, वेगळ्या रंगाचं.

श्रेयांक लिहिणार असाल तर एक श्रेयांक म्हणजे किती तास हे त्याच ओळीत लिहा. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे शिकणाऱ्याचे २५ ते ३० तासांचे काम, त्यात घरचा अभ्यासही धरतात. इतर ठिकाणी नुसते वर्गातले तास मोजतात. त्यामुळे '४ श्रेयांक' या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही.

काचनळी

आणि मुदत? विज्ञानात पाच वर्षांनी पुन्हा पाठ बघितल्याशिवाय प्रमाणपत्र चालू ठेवू नये, असं माझं मत.

तिसरा बाक

असहमत. ७२ भेटींनाच माणसं मिळत नाहीत, मुदतवाढीला कुठून आणणार? नूतनीकरण मग कागदी होतं आणि मूळ प्रमाणपत्राचीही किंमत घालवतं.

टिपणवही

मुदतीचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवते. चूक-कार्डं करायला घेतली आहेत, पहिला संच १२ कार्डांचा. तिसरं कार्ड बघा: 'तुम्हाला वाटतं की गुणाकाराने संख्या नेहमी वाढते. शिक्षकांनी ८ × १/२ करून दाखवलं तर मत बदला.' ठीक आहे ना?

ओळंबा

नाही, एवढ्याने मूल बदलत नाही. ८ × १/२ ला ते 'आठचे अर्धे' म्हणजे भागाकार समजतं आणि समजूत शाबूत ठेवतं. अट अशी घाला: ८ × २, ८ × १, ८ × १/२ ही ओळ एकाखाली एक लिहून 'मधल्या ओळीत काय झालं?' असं विचारलं तरच. आणि त्याच कार्डाची भागाकाराची जोडही करा, 'भागाकाराने संख्या नेहमी घटते'. पावणेदोन आणि अर्ध्याच्या तासाला ते लागेलच.